पुढचं चाक धरून ठेवतंय

प्रश्न : काका, वडील आजारी असल्यामुळे त्यांची दहा वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी जूनपासून चार महिने सीवूड्सला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. दसऱ्याला मी ती बाहेर काढली. पाम बीच रोडने वाशीपर्यंत गेले, तर गाडी सारखी डावीकडे ओढत होती. उतरले तेव्हा पुढच्या डाव्या चाकाला जळका वास येत होता. हँडब्रेक पूर्ण सोडलेला होता. एका वर्कशॉपने दोन्ही बाजूंचे कॅलिपर, डिस्क, पॅड सगळं बदलायला सांगितलं आहे. एवढं खरंच लागेल का? नुसता पिस्टन सोडवून भागणार नाही का?
– एक वाचक, सीवूड्स

उत्तर : ताई, काम होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तेच १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. चाक धरलेलं असेल तर तेवढी उष्णता सहज येते. ऑइलची वाफ झाली की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही.

हँडब्रेकचा इथे दोष नाही. अशा छोट्या गाड्यांत तो मागच्या चाकांच्या ड्रमवर चालतो.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी. कॅलिपर हा तिच्यावरचा चिमटा, त्यातला पिस्टन ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबतो. हा पिस्टन जाम आहे असं वर्कशॉपने गृहीत धरलेलं दिसतं. ते आधी तपासायला हवं. गाडी जॅकने उचलून स्टँडवर घ्यायची, ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. फिरत नसेल तर कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, थोडा सैल करायचा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब मागेच अडकलाय. कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो, नाहीतर पेडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. अशा गाडीला नवा कॅलिपर बसवला तरी आठवड्याभरात तुम्ही परत गॅरेजात याल. निपल सोडूनही चाक घट्टच असेल, तर दोष पिस्टनचा किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या गाइड पिनांचा. पिना हाताने सरकायला हव्यात. पान्याने ठोकाव्या लागत असतील तर आधी त्या साफ करा. त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात.

तुमची गाडी खाडीजवळ, पावसात, न हलता उभी होती, म्हणून माझाही पहिला संशय पिस्टनवरच आहे. खोपटला माझ्या गॅरेजात अशा गाड्या दरवर्षी पावसाळा संपला की येतात. पिस्टनच्या तोंडाशी रबरी बूट असतो. त्याला तांदळाच्या दाण्याएवढी चीर पडली तरी पाणी आत जातं. पिस्टन बाहेर काढला की बुटाखालच्या भागात तांबूस कडं दिसतं, आणि नख फिरवलं की ते अडकतं. आतली सील चौकोनी काठाची असते. ब्रेक दाबला की ती किंचित मुरडते, पाय काढला की सरळ होते आणि तेवढाच पिस्टन मागे ओढते. ही ओढ केसभराची असते. वाटेत गंज आला की सीलची ताकद कमी पडते आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

म्हणूनच पिस्टन क्लॅम्पने नुसता मागे रेटून गाडी परत देणं मला मान्य नाही. गंजका भाग सीलवरून घासत आत जातो, सील कापली जाते, आणि मग ऑइल गळतं. पिस्टन पूर्ण बाहेर काढा. नख कुठेच अडकत नसेल तर सील किट घालून तोच कॅलिपर चालेल. खड्डे पडले असतील तर पिस्टन नवा. पॉलिश पेपरने घासून वरचा मुलामा घालवू नका. सिलिंडरचं भोकच खराब असेल तरच कॅलिपर बदला, तोही त्या बाजूचा. उजवा मात्र उघडून बघून घ्या, तोही चार महिने त्याच पावसात होता. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मापात असेल, तडा किंवा निळे डाग नसतील, तर ती टाकू नका.

हे काम घरी करू नका, हे कळकळीने सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत मी एक पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने काढत होतो आणि बोट समोर राहिलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख आजही वाकडंच वाढतं. ब्रेकच्या पेडलनेच पिस्टन हळूहळू बाहेर ढकलणारा, समोर लाकडाचा ठोकळा ठेवणारा कारागीर शोधा आणि पिस्टन निघेल तेव्हा तिथे उभ्या राहा. काढलेला पिस्टन हातात घेऊन स्वतः नख फिरवून बघा, मगच बिलाचं बोला.

ऑइल पूर्ण नवं भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या, आणि पुढे दर दोन वर्षांनी ते बदला. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो. गाडी ताब्यात घेताना, जागेवरून हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मग पाचेक किलोमीटर फिरवून आणा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा, डिस्कला न लावता. दोन्हीकडे ऊब सारखी लागली पाहिजे. डावीकडे जास्त जाणवली तर गाडी तिथेच ठेवून या.