घासायला घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या जुन्या शिडाच्या कनूचे, म्हणजे त्या दोन्ही टोकांना निमुळत्या हलक्या होडीचे, फोटो मिळाले. आतल्या बाजूचे तर मी पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. सीडरच्या फळ्या अजून चांगल्या आहेत. काही फासळ्या, म्हणजे आतली वाकवलेली आडवी लाकडं, मोडल्यात, पण ते काम होण्यासारखं आहे. मला काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या ओळीची: 'रविवारी रंग घासायला घेतो.' थोडा थांब.

माझ्या पहिल्या शिडाच्या कनूच्या वेळी मीही असाच अधीर झालो होतो. पुढच्या डेकवरचा हिरवा रंग घासताना खालून पांढरी अक्षरं वर आली. माझा हात थांबेपर्यंत पहिली अक्षरं गेली होती, शेवटची तीनच उरली. ते होडीचं नाव होतं. अमेरिकन कनू असोसिएशन 1880 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला स्थापन झाली, आणि तिच्या जुन्या वार्षिक पुस्तकांत सभासदाच्या नावासोबत त्याच्या कनूचंही नाव छापलेलं सापडतं. पूर्ण नाव हाती असतं तर कदाचित मालकही सापडला असता. ती हळहळ अजून गेलेली नाही.

म्हणून आधी टॉर्च तिरपा धरून सगळी होडी वाच. दोन्ही टोकांना आतून, तळाशी जिथे फळ्या मधल्या वाकलेल्या लाकडाला मिळतात, तिथे लाकडात ठोकून उमटवलेला क्रमांक शोध. ओल्ड टाउन या अमेरिकन कारखान्याची कनू असेल तर क्रमांकानंतर फुटांतली लांबी असते, 16 किंवा 17. त्या कारखान्याच्या बऱ्याच जुन्या नोंदी टिकून आहेत: लाकूड, मूळ रंग, होडी कधी आणि कुठे रवाना झाली. मात्र तिथे बहुतेकदा दुकानाचं नाव मिळतं, मालकाचं नाही. त्यापुढचा माग नोंदणीचे जुने स्टिकर, शिडावरचा शिक्का आणि ज्याने तुला होडी विकली त्याच्या आठवणी यांतून काढावा लागतो. त्या माणसाला आजच फोन कर. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

डोलकाठीच्या बैठकीभोवतीची बुजवलेली भोकंही मोजून ठेव. शीड मुळापासूनचं की नंतर कुणी बसवलेलं, हे तीच सांगतात.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नकोस, मास्क लाव, लहान मुलांना लांब ठेव.

आता फासळ्या. सरळ रेषांचा पांढरा सीडर घे. वाफ देण्याचा ठोकताळा इंचभर जाडीला एक तास. तुझी फासळी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड नसेल, तेव्हा वीसेक मिनिटं पुरतात. वाफेतून काढली की लगेच होडीच्या बाहेरून, मोडलेल्या फासळीशेजारी वाकवून बांध. काही सेकंदांतच ती ताठ होऊ लागते. पूर्ण वाळली की आत बसव. पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, बाहेरून ठोकताना आतून जड लोखंड दाबून धर. टोक वळून पुन्हा लाकडात शिरतं आणि हाताला टोचत नाही. पहिल्या चारपाच चुका वाकड्या जातील, त्या काढून परत ठोक.

जुना मालक किंवा त्याची मुलं सापडली तर आधी एक साधं पत्र आणि होडीचा एक फोटो पाठव. उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करू नकोस.

क्रमांक सापडला की मला कळव. तिरप्या उजेडातला फोटोही पाठव, जुने शिक्के वाचायची माझ्या डोळ्यांना सवय आहे.

तुझा,
काका