निर्वाह वेतन सक्तीचं केलं तर छोटे कारखाने बंद पडतील का?

तुम्ही विचारलंय: वडिलांचा इंदूरला बारा मशीनचा रेडिमेडचा कारखाना आहे. सरकारने जगण्यापुरतं वेतन कायद्याने बांधून दिलं तर कारखाना बंद पडेल आणि त्याच बायका घरी बसतील, असं ते म्हणतात. हे कितपत खरं?

मी बावीस वर्षं सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करतोय. तुमच्या वडिलांची भीती मला रोज ऐकू येते. ती उगाच नाही, पण माझ्या मते धोका आकड्यात कमी आणि तो आकडा ज्या पद्धतीने वाढतो त्यात जास्त आहे.

आधी हिशेब करू. समजा, एक कुर्ती तुम्ही ठोकमध्ये 300 रुपयांना विकता आणि तिची शिलाई, काज-बटण, प्रेस मिळून मजुरी 45 रुपये आहे. मजुरी 25 टक्क्यांनी वाढली तर सव्वाअकरा रुपये वाढले, म्हणजे भावाच्या चार टक्क्यांहूनही कमी. कापडाचा भाव याहून जास्त वर-खाली होतो तेव्हा कोणी कारखाना बंद करायची भाषा करत नाही. खरी अडचण अशी की शेजारच्या राज्यातला कारखानदार तोच माल जुन्या मजुरीत करत असेल, तर व्यापारी ते अकरा रुपये तुम्हाला देणार नाही. म्हणून सगळ्या देशाला लागू होणारी तळाची मर्यादा हवी. 2019 च्या वेतन संहितेत तशी तरतूद आहे.

आता आपल्याकडे काय झालं ते बघा. 1948 च्या किमान वेतन कायद्यानुसार दर पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार व्हायला हवा होता. मध्य प्रदेशात मूळ दर 2014 नंतर बदलले ते थेट 1 एप्रिल 2024 ला, आणि तेही सुमारे 25 टक्क्यांनी. दहा वर्षांचं साचलेलं एका महिन्यात अंगावर आलं. उद्योजकांच्या संघटना कोर्टात गेल्या, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि ती डिसेंबरमध्ये उठली. एका कारखान्याचं पगारपत्रक मी तेव्हा करत होतो. तिथे एप्रिलचा पगार वाढीव निघाला आणि पुढे पुन्हा जुना. एका बाईने वाढीव पगार धरून मुलीची शिकवणी लावली होती. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "काका, लिहिण्यात काही चूक झाली का?" तिला स्थगिती म्हणजे काय ते समजावून सांगताना मला फार लाज वाटली.

ब्रिटनने 1999 साली किमान वेतनाची सुरुवात ताशी 3.60 पौंडांपासून केली. तिथे मालक, कामगार आणि अभ्यासक एकत्र बसलेला आयोग नियमितपणे दर सुचवतो. पायरी-पायरीने वाढ होत गेली आणि ज्या प्रचंड बेकारीचं भाकीत होतं ती काही आली नाही. याच्या उलट अमेरिकेने 1938 मध्ये ताशी 25 सेंटचा दर आपल्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटालाही लावला. तिथे भरतकाम-शिवणकाम करणाऱ्या बायकांची मजुरी त्याच्या कितीतरी खाली होती. कामं आटली आणि 1940 मध्ये बेटासाठी वेगळे, कमी दर ठरवायची मुभा द्यावी लागली. तुमच्या वडिलांच्या म्हणण्याला आधार हवा असेल तर तो इथे आहे, आणि मी तो नाकारत नाही.

पण अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात एप्रिल 1992 मध्ये ताशी किमान दर 4.25 वरून 5.05 डॉलर झाला, तेव्हा कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी केली. त्यांना नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. (डेव्हिड कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं.) याचं एक कारण आपल्या वस्तीतही दिसतं. घर आणि मुलं सांभाळणारी बाई दोन गल्ल्यांपलीकडे कामाला जाऊ शकत नाही. जवळ एकच कारखाना असला की मजुरी तिच्या कामाच्या मोलावर ठरत नाही, तिच्या नाइलाजावर ठरते. अशा ठिकाणी दर वाढला तर घरी बसलेल्या आणखी दोघी कामाला येतात आणि महिन्या-महिन्याला नवी बाई शिकवायचा मालकाचा त्रास वाचतो.

आणि तो पैसा जातो कुठे? मी नंदानगरात, मिल कामगारांच्या वसाहतीत वाढलो. पगाराच्या दिवशी सगळ्यात आधी किराणावाल्याची उधारी फिटायची, मग दूधवाला, मग चपला. श्रीमंताला मिळालेला जादा रुपया बँकेत जाऊन बसतो, आमच्या घरातला संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरलेला असायचा.

किमान वेतन आणि निर्वाह वेतन यांत गल्लत करू नका. निर्वाह वेतनाचं, म्हणजे नीट जगता येईल एवढ्या पगाराचं, वचन संविधानाच्या कलम 43 मध्ये आहे. किमान वेतनाचं माप 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलं: प्रौढ माणशी रोज 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, इंधन. मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरा, असं सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये सांगितलं. आपण अजून या मापापाशीच अडखळतोय, निर्वाह वेतन त्याच्याही पुढचं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोन-तीन हजार रोख परत घेतले जातात. असं करणारे मी पाहिलेत आणि त्यांचं काम सोडलंय. हे थांबलं नाही तर दर कितीही वाढवा, बाजारात एक रुपया जास्त येणार नाही. उलट प्रामाणिक मालक मार खातो.

तुमच्याकडे बायका नगावर काम करत असतील, तर वडिलांसोबत एक दिवस बसा. ना सगळ्यात चपळ, ना नवखी अशा एका बाईला दहा कुर्त्या शिवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. त्यावरून आठ तासांत किती नग होतात ते काढा आणि नगाच्या भावाने गुणा. आलेली रक्कम आजच्या किमान वेतनाच्या रोजाशी ताडून पाहा. किती कमी पडतंय ते इथे लिहा, मग ती तूट दर सहा महिन्यांनी थोडी-थोडी कशी भरून काढायची ते मी मांडून देतो.