कपाटाची किल्ली कोणाकडे?

रुग्णालयातील औषधसाठा आणि नियंत्रित औषधे (सवय लागू शकते म्हणून कायद्याने हिशेब मागितलेली वेदनाशामके, भुलीची आणि गुंगीची औषधे) यांविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमचे २० खाटांचे नर्सिंग होम आहे. फेंटानिल, केटामाइन, मिडाझोलाम आणि बाकीची इंजेक्शने ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) एकाच कपाटात असतात. कपाटाला कुलूप आहे. एवढे पुरेसे नाही का? कायदा नेमके काय मागतो?
— स्त्रीरोगतज्ज्ञ, बार्शी

कुलूप आहे, पण त्याच कपाटातून दिवसभर कोणी अॅट्रोपिन काढते, कोणी सुया, कोणी कॅथेटर. म्हणजे किल्ली दाराला लटकलेली किंवा टेबलाच्या खणात. असे कुलूप तपासणीला आलेल्या माणसाला दाखवण्यापुरतेच.

आधी कायद्याचे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात (गुंगीकारक औषधे आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा) २०१४ साली दुरुस्ती झाली आणि ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वेगळा गट आला. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधे आहेत. २०१५ च्या नियमांनुसार ही औषधे साठवून रुग्णांना देणाऱ्या संस्थेने राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता घ्यायची असते. संस्थेने एक डॉक्टर या साठ्याचा जबाबदार म्हणून नेमायचा आणि आवक, वापर व शिल्लक यांचा हिशेब ठरलेल्या नमुन्यात ठेवायचा. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि फेंटानिल आपल्या बॅगेतून आणतात, ही पद्धत लहान रुग्णालयांत सर्रास आहे. तुमच्याकडेही तसे असेल, तर ते औषध कोणाच्या हिशेबातले हे आधी लेखी ठरवा. अॅम्प्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) फुटली किंवा मोजणीत कमी भरली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

केटामाइनचे निराळे. ते एनडीपीएसमध्ये मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून आहे आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतही आहे. शेड्यूल एक्सच्या औषधांसाठी फक्त त्यांच्याकरिता राखलेले, कुलूपबंद कपाट किंवा खण लागतो. औषध दुकानाने त्याची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि एक प्रत दोन वर्षे जपायची. मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉल हीसुद्धा एनडीपीएसखालीच येतात. ट्रॅमाडॉल मात्र अजूनही बऱ्याच वॉर्डांत पॅरासिटामॉलच्या शेजारी उघड्या ट्रेमध्ये पडलेले असते.

आता कपाट. मोठ्या स्टीलच्या कपाटात आत दुसरे छोटे लोखंडी कपाट बसवा आणि दोन्हींना वेगळ्या किल्लीची कुलुपे लावा. आतले कपाट मागून बोल्टने विटांच्या भिंतीत पक्के करा. जिप्समच्या पार्टिशनला लावलेले कपाट भिंतीसकट उचकटून नेता येते. बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरून दिसत असतील तर कुलपाला हात न लावताही दार निघते, म्हणून सुताराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून बिजागऱ्या आतल्या बाजूला बसवून घ्या. कपाट नर्सच्या बसण्याच्या जागेवरून दिसावे. खिडकीलगत, ओल्या भिंतीवर किंवा ऑटोक्लेव्हशेजारी (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राशेजारी) नको. दारावर मोठ्या अक्षरांत ‘नार्कोटिक्स’ (गुंगीकारक औषधे) लिहायची गरज नाही. ज्याला माहीत हवे त्याला माहीत असतेच.

आणि त्या कपाटात दुसरे काहीही ठेवू नका. ऑपरेशनआधी काढून घेतलेले मंगळसूत्र, रुग्णाच्या नातेवाइकांचे पैसे, रबर स्टँपसुद्धा नाही. मंगळसूत्र मागायला नातेवाईक आले की कपाट उघडते, चार माणसे भोवती उभी राहतात आणि आत काय कुठे आहे हे सगळ्यांना कळते.

किल्ली ड्युटीवरच्या इन्चार्ज सिस्टरच्या अंगावर, खिशात पिनेने अडकवलेली असावी. दुसरा जोड सीलबंद पाकिटात, पाकिटावर सही-तारीख करून, वैद्यकीय अधीक्षकांकडे. नंबरचे कुलूप असेल तर माणूस नोकरी सोडून गेला त्याच दिवशी नंबर बदला.

प्रश्न : ड्युटी बदलताना ‘स्टॉक बरोबर आहे’ म्हणून सही करून रजिस्टर पुढे दिले जाते. कोणी मोजत नाही. अॅम्प्यूलमध्ये उरलेल्या औषधाचे काय करायचे यावरही रोज वाद होतात. योग्य पद्धत सांगाल का?
— स्टाफ नर्स, सर्जिकल वॉर्ड, अकोला

ताई, बाहेरच्या चोराला कुलूप अडवते. पण नियंत्रित औषधे बहुतेक वेळा किल्ली ज्यांच्या हातात येते त्यांच्याकडूनच गहाळ होतात, आणि तिथे फक्त मोजणी कामाची.

मोजणी दोघींनी मिळून, कपाट उघडे ठेवून करायची. येणारी सिस्टर मोजते आणि आकडा मोठ्याने सांगते, जाणारी रजिस्टरमधली शिल्लक वाचते. हा क्रम उलटा करू नका. जाणारीने ‘फेंटानिल अठरा’ म्हटले की येणारी मान डोलावते आणि सही करते. बंद खोके ‘दहाचे’ म्हणून मोजू नका. खालची रांग काढून वरची तशीच ठेवलेला खोका बाहेरून भरलेलाच दिसतो. खोका उघडा, एकेक अॅम्प्यूल उजेडासमोर धरा. मानेला डिंकासारखे काही लागले आहे का, द्रवाची पातळी शेजारच्या अॅम्प्यूलपेक्षा कमी आहे का, बॅच नंबर रजिस्टरमधलाच आहे का, हे बघा. व्हायल (रबरी बुचाची बाटली) असेल तर झाकण सैल आहे का आणि रबराला सुईचे भोक आहे का. औषध काढून त्या जागी सलाइन भरण्याचे प्रकार याच खुणांवरून पकडले जातात. आकडा तर बरोबरच असतो.

उरलेल्या औषधाचे उदाहरणच घेऊ. फेंटानिलची २ मिलीची अॅम्प्यूल आहे, १ मिलीमध्ये ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकूण १००. रुग्णाला ७० मायक्रोग्रॅम द्यायला सांगितले, तर १.४ मिली गेले आणि ०.६ मिली, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम उरले. रजिस्टरमध्ये एकाच ओळीत तारीख, वेळ, रुग्णाचे नाव आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) क्रमांक, कोणत्या डॉक्टरच्या आदेशाने, बॅच नंबर, दिलेले ७०, नष्ट केलेले ३०, दोन सह्या आणि शिल्लक अॅम्प्यूल हे सगळे आले पाहिजे. उरलेले ०.६ मिली साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर सिरिंजमधून गॉजच्या बोळ्यावर सोडा आणि बोळा रुग्णालयातील कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. ‘सिस्टर, जरा सही करा, मी मघाशी टाकले’ यावर सही करू नका. साक्षीदाराने पाहिले नसेल तर त्या ३० मायक्रोग्रॅमचे काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. सिरिंजमध्ये काढलेले औषध ‘पुढच्या केसला लागेल’ म्हणून खिशात किंवा ट्रेमध्ये ठेवणे तर मुळीच नको.

फार्मसीशी व्यवहार ‘रिकामी द्या, भरलेली घ्या’ या हिशेबाने करा. पाच रिकाम्या अॅम्प्यूल जमा झाल्या की पाच नव्या मिळतील. मोजून झालेल्या रिकाम्या काचा निळ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जातात. अॅम्प्यूल हातातून पडून फुटली तर तुकडे झाडून टाकण्याआधी दुसऱ्या सिस्टरला बोलवा. लेबल असलेला तुकडा दिसला पाहिजे. मग दोघींच्या सहीने ‘फुटली’ अशी नोंद.

केटामाइनची १० मिलीची व्हायल जास्त त्रास देते. १ मिलीमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका व्हायलमध्ये ५०० मिलिग्रॅम, आणि ती दोन-तीन रुग्णांत वाटली जाते. शिल्लक ‘अर्धी’ असे लिहू नका, मिली लिहा. शिवाय व्हायलमध्ये छापील आकड्यापेक्षा किंचित जास्त द्रव भरलेला असतो. तो जास्तीचा भाग कोणाच्याच हिशेबात नसतो, म्हणून तोच आधी गायब होतो. लहान पॅक मिळत असेल तर तोच मागवा आणि एका रुग्णाला एक व्हायल ठेवा.

रजिस्टरची पाने छापील क्रमांकांची, प्रत्येक औषधाला वेगळे पान, शाई निळी किंवा काळी. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून सही करा. व्हाइटनर लावलेले पान तपासणीत सगळ्यात आधी उघडले जाते. शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षे रजिस्टर जपा.

हिशेब जुळला नाही तर? जाणारी सिस्टर थांबते. खण, ट्रे आणि कचऱ्याचा डबा बघा. मग मागच्या चोवीस तासांतले केसपेपर आणि अॅनेस्थेशिया चार्ट एकेक करून रजिस्टरशी ताडून पाहा. बहुतेक वेळा औषध दिलेले असते आणि नोंद राहिलेली असते. तरीही सापडले नाही तर त्याच शिफ्टमध्ये लेखी, आधी इन्चार्ज सिस्टरला आणि मग जबाबदार डॉक्टरला कळवा. चोरीचा संशय असेल तर औषध प्रशासन आणि पोलिस ठाणे. कमी पडलेली अॅम्प्यूल एखाद्या रुग्णाच्या नावावर ‘टाकून’ आकडा जुळवणे हा मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा आहे, आणि त्या रुग्णाच्या केसपेपरवर दिलेला नसलेला डोस चढतो तो वेगळाच.

महिन्यातून एकदा इन्चार्जने रजिस्टर वेगळ्या नजरेने चाळावे. एकाच माणसाच्या ड्युटीत ‘फुटली’ जास्त वेळा येते का? पूर्ण अॅम्प्यूल दिल्याची नोंद आहे आणि रुग्ण रात्रभर दुखण्याने तळमळला, असे झाले का? असे दिसले तर चारचौघांत कोणाला बोलू नका. भूल आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना या औषधांची सवय लागणे हा आजार आहे. त्या माणसाला औषधांपासून दूर करून उपचाराला पाठवणे जास्त महत्त्वाचे.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात एकच घरगुती फ्रिज आहे. वीज वारंवार जाते. लोराझेपाम इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचे, मग ते कुलपात कसे ठेवणार? ऑक्सिटोसिन, सक्सिनिलकोलीनही त्यातच आहेत.
— फार्मासिस्ट, सिंधुदुर्ग

अख्ख्या फ्रिजला कुलूप लावू नका. बाळंतपणानंतर रक्तस्राव होत असताना ऑक्सिटोसिनसाठी किल्ली शोधत फिरणे परवडत नाही. लोराझेपामसाठी झाकणाला कुलूप लागेल असा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, तो तारेने फ्रिजच्या जाळीला बांधा आणि मोजणी बाकीच्या औषधांबरोबर प्रत्येक ड्युटीला करा. पारदर्शक डब्यातल्या अॅम्प्यूल कुलूप न काढताही मोजता येतात.

तापमान २ ते ८ अंश. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले औषध गोठते आणि दाराच्या कप्प्यातले तापते, म्हणून औषधे मधल्या जाळ्यांवर, भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकून द्यायचे. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावर गारवा जास्त टिकतो. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर लावा, सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा आणि लिहून झाल्यावर तो रीसेट करा. नाहीतर परवाचाच आकडा रोज लिहिला जातो. वीज गेली की वेळ टिपा आणि दार उघडू नका. पारा ८ च्या वर गेला तर औषधे लगेच फेकू नका. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून दुसऱ्या थंड जागी वेगळी ठेवा आणि कंपनीला विचारा. अॅट्राक्युरियम (भूल देताना स्नायू सैल करणारे इंजेक्शन) फ्रिजबाहेर काढले की त्यावर तारीख घाला, ते १४ दिवसांत संपवायचे. स्टाफचे डबे आणि दह्याच्या वाट्या दुसरीकडे.

प्रश्न : पोटॅशियम क्लोराइड हे नार्कोटिक नाही. मग तपासणीत ते वॉर्डातून काढायला का सांगतात?
— निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ), नाशिक

चोरीच्या भीतीने नाही, चुकीच्या भीतीने. १५ टक्क्यांच्या १० मिली अॅम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) पोटॅशियम असते. ती डिस्टिल्ड वॉटरच्या अॅम्प्यूलसारखीच दिसते आणि पातळ न करता शिरेत गेली की हृदय थांबते. ती फार्मसीत आणि आयसीयूत ठेवा, तीही वेगळ्या खणात, ‘पातळ करूनच द्या’ अशा लाल चिठ्ठीसह. वॉर्डाला लागली तर रुग्णाच्या नावाने मागवावी. क्रॅश कार्टमध्येही (तातडीच्या औषधांच्या गाडीतही) तिचे काम नाही.

प्रश्न : वडिलांना कॅन्सर होता, मागच्या महिन्यात गेले. घरात मॉर्फिनच्या १८ गोळ्या आणि फेंटानिलचे ३ पॅच उरले आहेत. शेजारच्या काकूंना पाठदुखी आहे, त्या मागतात. द्यावेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

देऊ नका. ज्याच्या शरीराला मॉर्फिनची सवय नाही त्याचा श्वास तुमच्या वडिलांना रोज चालणाऱ्या मात्रेनेही मंदावू शकतो. फेंटानिलचा पॅच तर पाठदुखीवर लावायचा मलमपट्टीचा पॅच वाटतो, आणि तिथेच घात होतो. दुसऱ्याच्या नावावरचे हे औषध देणे-घेणे कायद्यानेही चालत नाही.

ज्या रुग्णालयातून किंवा पॅलिएटिव्ह (वेदना कमी करणाऱ्या उपचारांच्या) केंद्रातून औषधे मिळाली तिथेच परत नेऊन द्या, सोबत जुनी चिठ्ठी असू द्या. केंद्राने ती तुमच्यासमोर मोजून रजिस्टरमध्ये लिहायला हवीत. घंटागाडीत किंवा गटारात टाकू नका. नेईपर्यंत कुलपात ठेवा. घरात कोणी वापरलेले पॅच ठेवले असतील तर तेही न्या. तीन दिवस लावून काढलेल्या पॅचमध्येही बरेच औषध शिल्लक असते आणि लहान मूल तो उचलून अंगाला चिकटवू शकते. चिकट बाजू आत करून घडी घाला, डबीत बंद करा आणि मग पिशवीत ठेवा.