'तंतुकणिकाविहीन' म्हणावं का?

प्रश्न असा: एका लेखाच्या अनुवादात 'तंतुकणिकाविहीन एकपेशीय परजीवींच्या चयापचयी विकरांची उत्क्रांती' असं शीर्षक दिलं आहे. त्यातलं 'तंतुकणिकाविहीन' बरोबर आहे का (तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग), आणि 'विकर' ठेवावं की 'एन्झाइम'?

व्याकरणाच्या दृष्टीने पहिल्या शब्दात खोट नाही. अडचण अर्थाची आहे. तान्हं बाळ दंतविहीन आणि नव्वदीतले आजोबाही दंतविहीन. एकाला दात आलेले नाहीत, दुसऱ्याचे पडून गेलेत. 'विहीन' हा फरक सांगत नाही, आणि या जीवांबद्दलचा सगळा वाद नेमका याच फरकाचा होता.

जिआर्डिया, आमांशाचा एन्टामीबा, ट्रायकोमोनास हे ते परजीवी. नेहमीच्या रूपातल्या तंतुकणिका यांच्या पेशीत दिसत नाहीत. १९८३ मध्ये जीवशास्त्रज्ञ टॉमस कॅव्हेलिअर-स्मिथ यांनी जिआर्डियासारख्या जीवांसाठी 'आर्किझोआ' हा गट सुचवला. दृश्यकेंद्रकी, म्हणजे स्पष्ट केंद्रक असलेल्या, पेशीत तंतुकणिका येण्याआधीच ज्यांची शाखा फुटली, त्यांचे हे वंशज, अशी मांडणी होती. ती टिकली असती तर 'विहीन'ला माझी हरकत नव्हती.

ती टिकली नाही. १९९५ मध्ये एन्टामीबात एका प्रथिनाचं जनुक सापडलं, कॅपेरोनिन-६०. इतर जीवांत हे प्रथिन तंतुकणिकेत काम करतं. ज्याच्या घराण्यात तंतुकणिका कधी नव्हती, त्याच्याकडे तिचं प्रथिन कुठून आलं? १९९९ मध्ये ते प्रथिन पेशीतल्या एका इवल्याशा पिशवीत असल्याचं दिसलं आणि तिला मायटोसोम हे नाव मिळालं. २००३ मध्ये जिआर्डियातही मायटोसोम सापडले. तिथे एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार होत नाही. लोह आणि गंधकाचे लहान समूह जुळवणारी एन्झाइमे मात्र तिथे आहेत, आणि हे काम मूळचं तंतुकणिकेचंच. ट्रायकोमोनासकडे हायड्रोजनोसोम नावाच्या पिशव्या आहेत. ते एटीपी बनवतात आणि हायड्रोजन वायू सोडतात. त्यांचा उगमही तंतुकणिकेतूनच झालेला आहे.

म्हणून मी 'तंतुकणिकांचा ऱ्हास झालेले' असं लिहीन. मायटोसोमसाठी 'अवशेषी तंतुकणिका' चांगलं बसतं, कारण आंत्रपुच्छामुळे 'अवशेषांग' हा शब्द शाळेपासून ओळखीचा आहे. 'लोप' मात्र राखून ठेवावा. चिंचिलाच्या आतड्यातून मिळालेल्या मोनोसर्कोमोनॉइडीज या जीवात अवशेषही उरलेला नाही, असं २०१६ मध्ये दिसून आलं. लोह-गंधकाचं काम तिथे जिवाणूंकडून आलेली दुसरी यंत्रणा करते. तो खरा लोप. पण त्याच्याही पूर्वजांकडे तंतुकणिका होत्याच.

'विहीन'मधला 'हा' आणि 'रहित'मधला 'रह्' हे दोन्ही संस्कृत धातू 'टाकणे, सोडणे' या अर्थाचे आहेत. व्युत्पत्तीने पाहिलं तर 'तंतुकणिकारहित' म्हणजे तंतुकणिका सुटलेला, अगदी हवा तोच अर्थ! पण आजचा वाचक 'रहित' वाचून 'सुटलेला' असं समजत नाही, आणि शब्द वाचकासाठी असतो.

आता 'विकर'. शब्द सुटसुटीत आहे, पाठ्यपुस्तकांनी तो रुजवला आहे, मला आवडतोही. पण रोगजंतूंवरच्या लेखात 'परजीवींच्या विकरांची' आणि 'परजीवींच्या विकारांची' यांत फक्त एका कान्याचं अंतर उरतं. मुद्रितशोधक चांगल्या भावनेने तो काना घालून मोकळा होईल. शिवाय या लेखात एकेका एन्झाइमचं नाव घ्यावंच लागणार. ग्लुकोज फुटून तयार होणाऱ्या पायरुवेटवर नेहमीच्या पायरुवेट डीहायड्रोजनेजऐवजी पायरुवेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेज काम करतं. त्यातून फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनाला मिळालेले इलेक्ट्रॉनच मेट्रोनिडॅझोल या औषधाला या जीवांसाठी विषारी करतात. जुलाब-आमांशावर आपल्याकडे डॉक्टर देतात ती हीच गोळी. ग्लुकोज-विघटनातलं एक फॉस्फोफ्रुक्टोकायनेज एटीपीऐवजी पायरोफॉस्फेट खर्चतं. एरवी एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी हाती लागत असताना एक वाचवणं ही मोठी बचत आहे. अशा नावांच्या रांगेत 'एन्झाइम' हा सामान्य शब्द सहज मिसळतो. तो नपुंसकलिंगी चालवावा: ते एन्झाइम, ती एन्झाइमे, एन्झाइमांची.

'उत्क्रांती' मात्र बदलू नका. 'उत्'मुळे काहींना तो शब्द फक्त चढतीचा वाटतो आणि ऱ्हासाशेजारी खटकतो. जीवशास्त्रात त्याला चढती-उतरती दिशा नाही. इथे तर काही एन्झाइमे पूर्वजांकडून आली, काहींची जनुकं जिवाणूंकडून आडव्या वाटेने, म्हणजे वंशपरंपरेबाहेरून, आली, काही गळून गेली, आणि हे सगळं त्या एका शब्दात मावतं.

शीर्षक असं करता येईल: 'तंतुकणिकांचा ऱ्हास झालेल्या एकपेशीय परजीवींतील चयापचयी एन्झाइमांची उत्क्रांती'. लांब झालं, हे खरं. जागा कमी असेल तर 'चयापचयी' गाळा, 'ऱ्हास' गाळू नका.