तबकडीचा आवाज संगणकात फाटतो

प्रश्न : टर्नटेबल संगणकाच्या माइक इनपुटला जोडून जुन्या तबकड्या ध्वनिमुद्रित करतो; सुई बदलूनही आवाज फाटतो. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा सुईत नसून जोडणीत आहे. सर्वसाधारण कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) निघणारा संकेत अवघा 5 मिलिव्होल्टच्या आसपास असतो. टर्नटेबलमधील फोनो प्रीअँप्लिफायर तो काहीशे मिलिव्होल्टपर्यंत वाढवतो आणि माइकसाठीच्या संवेदनशील इनपुटला तो पेलवत नसल्याने ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. पडद्यावर शिखरे सपाट दिसली, तर हेच कारण समजावे. नंतर पातळी कमी करून उपयोग नाही, कारण छाटणी आधीच झालेली असते. संगणकाचे लाइन-इन (अशा वाढवलेल्या संकेतासाठीचे इनपुट) किंवा लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (संगणकाला बाहेरून जोडायचे ध्वनी-उपकरण) वापरावा आणि ध्वनिमुद्रणाच्या पातळीदर्शकावर सर्वांत मोठा आवाज -6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. फाटलेली मुद्रणे मात्र पुन्हाच करावीत. तबकड्या जपून ठेवल्या आहेत, तेवढे कष्ट त्यांच्यासाठी जरूर घ्यावेत.