काटा कधी चढतो, ते आधी पाहा

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आठ वर्षांची आहे. दुपारी सांगली-मिरज रस्त्यावर सिग्नलला एसी चालू ठेवून थांबलं की तापमानाचा काटा चढतो. मोकळा रस्ता मिळाला की आपोआप खाली येतो. मेकॅनिक म्हणतात, थर्मोस्टॅट काढून टाकू, उन्हाळा निघून जाईल. काढावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप. तो बंद स्थितीत अडकला असता, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी जास्तच तापली असती. तुमची गाडी पळताना थंड होते, म्हणजे तेव्हा मिळणारा वारा तिला पुरतो. थांबल्यावर तो वारा फक्त रेडिएटरचा फॅन देतो, म्हणून संशय आधी फॅनवर घ्यायचा.

इंजिन गार असताना गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागताच फॅन फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज पाहा, मग फॅनचा रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा (बऱ्याचदा हॉर्नचा चालतो) लावून बघा. तरीही नाही, तर इंजिन बंद करून फॅनचा कनेक्टर काढा आणि मोटरला फ्यूज असलेल्या वायरने बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. मोटर फिरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे, नाही फिरली तर मोटर गेली. एसीवर फॅन फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापलं तरी लागत नाही, असं असेल तर तापमानाचा सेन्सर तपासा. एक गोष्ट नेहमी फसवते: ब्रश झिजलेली मोटर फिरताना दिसते, पण वारा खेचत नाही. फॅनजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो सुरू होतो.

फॅन ठीक निघाला तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहा. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे चालणाऱ्या गाड्यांत पाचटाचा भुसा आणि धूळ तिथे साचते, आणि त्रास एप्रिल-मेमध्ये दिसतो. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या कमी दाबाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या मुडपतात आणि वाट कायमची बंद होते.

थर्मोस्टॅटबद्दल इतका आग्रह अशासाठी, की तो काढला तर इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो तापल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसेल तर काही गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने अधांतरी धरून पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास (बहुधा ८२ किंवा ८८ अंश) तो उघडू लागला पाहिजे.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही शहरात ठीक चालते, पण भरलेली गाडी पसरणी घाट चढताना तापते. बाटलीतलं कूलंट दर पंधरवड्याला कमी होतं. मी बोअरचं पाणी घालत आलो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : बोअरचं पाणी आजपासून बंद करा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिकटतात. शहरात इंजिनवर ताण कमी, म्हणून अर्धवट तुंबलेला रेडिएटरही निभावतो. घाटात निभावत नाही. तापलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला, की मधेच सापडणारे गार पट्टे म्हणजे तुंबलेल्या नळ्या.

पण कूलंट जातं कुठे, हे त्याआधी शोधा. सुरुवात झाकणापासून, कारण ते स्वस्त असतं. पसरणी घाट चढून गेल्यावर, पाचगणीच्या सुमारे १,३०० मीटर उंचीवर उघडं पाणी साधारण ९६ अंशांना उकळतं, १.१ बारचं झाकण दाब धरत असेल तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की हा फायदा जातो आणि कूलंट बाहेर फेकलं जातं. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्या. मग गार इंजिनवर झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (काटा असलेला हातपंप) लावून झाकणावर लिहिलेला दाब द्या. काटा १०-१५ मिनिटं हलता कामा नये. घसरला तर होजचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक पाहा. तिथे सुकलेले डाग असले की पंपाचं सील गेलं.

बाहेर थेंबही नाही, तरी पातळी घटते? मग संशय हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं, बाटलीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर ही लक्षणं. हेड उतरवलं तर सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) त्याचा सपाटपणा मोजायलाच सांगा. नुसतं गॅसकेट बदललं आणि हेड वाकडं राहिलं, तर खर्च दुसऱ्यांदा होतो.

दुरुस्ती झाल्यावर सिस्टिम फ्लश करून कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. ६ लिटरची सिस्टिम असेल तर ३ लिटर कॉन्सन्ट्रेट. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालू नका. रंग बघून कूलंट निवडू नका, मॅन्युअलमधला प्रकार पाहा; वेगळे प्रकार मिसळले तर गाळ होऊ शकतो. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे हवा निघते. गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा.

प्रश्न : खंबाटकी घाटात काटा लालवर गेला तर काय करायचं?
— एक वाचक, वाई

उत्तर : एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. खिडक्या उघडा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करा. किमान ४५ मिनिटं झाकणाला हात लावू नका. मग जाड कापड धरून अगदी हळू फिरवा. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. वाफ येत असताना काटा अचानक खाली पडला, तर इंजिन थंड झालं असं समजू नका. सेन्सरभोवतीचं कूलंट संपलेलं असतं. त्या क्षणी चावी फिरवून इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.