हजची ‘नियती’ नव्हे, नियत

सातपूरहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या गल्लीतले एक चाचा यंदा हजला निघालेत. मंडळातर्फे सत्कार आहे, आणि रंगाऱ्याकडून फलक रंगवून आला तो असा: ‘हजची नियती केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. चाचा स्वतः मात्र ‘नियत केली’ म्हणतात. बरोबर काय? शिवाय, हजसाठी मनाने पूर्ण तयार झालेल्या माणसाला मराठीत काय म्हणावं? ‘आध्यात्मिकदृष्ट्या सज्ज’ हे त्यांना कोरडं वाटतं.

चाचांचं बरोबर, फलकाचं चूक. ‘आध्यात्मिकदृष्ट्या सज्ज’बद्दल तुमचं कानाचं माप अचूक आहे, ते खोडाच.

ही ‘नियती’ मी गेली काही वर्षं रोज ऐकतो आहे. पुढारी भाषणात म्हणतो, ‘त्यांची नियती साफ नाही.’ निवेदक तेच वाचतो. नियती साफ किंवा मळकी नसते हो! नियती म्हणजे प्रारब्ध. संस्कृत ‘नि’ आणि ‘यम्’ यांपासूनचं ‘नियत’ म्हणजे ठरलेलं, आखून दिलेलं. त्याच घरातलं नियतकालिक आणि तीच ही नियती. चाचांची नियत वेगळ्या घरातली. अरबी नीयत, फारसीतून आपल्याकडे आली; अर्थ मनातला हेतू, मनाने धरलेली दिशा. एकीत माणसाच्या हातात काही नाही, दुसरीत सगळं त्याच्याच हातात आहे. फलकावर या दोघींची अदलाबदल म्हणजे चाचांनी केलं त्याच्या नेमकं उलट लिहिणं.

चूक का होते तेही सांगतो, कारण ती अडाणीपणाची नाही, व्याकरणाची आहे. किंमत, किमतीत. गंमत, गमतीत. हिंमत, हिमतीने. तसंच नियत, नियतीत. ‘त्याच्या नियतीत खोट आहे’ हे शुद्ध मराठी आहे. ते नियतचं सामान्यरूप. लोक ‘नियतीत’ ऐकतात, त्यातला ‘त’ काढतात आणि उरलेली ‘नियती’ मूळ शब्द समजून वापरतात. प्रत्यय काढला की शब्द मूळ रूपात न्यावा लागतो, एवढं शाळेत शिकवलेलं विसरलं की असं होतं.

हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी. सहीह बुखारी या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस नियतीबद्दल आहे (सामान्यरूप!): कर्माचं मोल नियत पाहून ठरतं. तिच्या पूर्ण पाठात उदाहरण घेतलंय घरदार सोडून जाण्याचं. दोघंही निघतात, वाट तीच. एक अल्लाह आणि रसूल, म्हणजे त्याच्या पैगंबरासाठी निघाला, दुसरा दुनियेच्या लाभासाठी, तर ज्याचं त्याला तेच मिळालं. म्हणून ‘नियत केली’ म्हणजे ‘बेत केला’ नव्हे. तिकिटाचा बेत होतो.

कोशात नियतपुढे ‘हेतू’ लिहून मोकळे होतात ते मला पटत नाही. हेतू थंड शब्द आहे. कोणी ‘संकल्प’ सुचवतात. आपल्या गोदाकाठी तो सहज सुचणारच. रामकुंडावर गुरुजी ‘गोदावर्याः’ म्हणून देश-काल उच्चारतात, तळहातावरून पाणी सोडायला लावतात, तो संकल्प. नियतीच्या तो खूप जवळचा आहे. पण रोजच्या मराठीत संकल्प आता नव्या वर्षाचा असतो नाहीतर अर्थसंकल्प. आणि पाणी सोडणं बाहेर दिसतं, नियत आत असते. नियतला नियतच राहू द्या.

हज म्हणजे काय, किती दिवसांचा, कोणावर फर्ज, हे सोडून देतो. ते सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते पुढंच आहे.

‘हज’ या शब्दातच नियत आहे. अरबी कोशकार हजचा मूळ अर्थ देतात ‘क़स्द’: एखाद्या ठिकाणाचा रोख धरून निघणं. या क़स्दचा एक पोरगा मराठ्यांच्या दफ्तरात पानोपानी भेटतो: कासीद. पत्रं घेऊन मजल दरमजल जाणारा तो जासूद. कासीद म्हणजे ज्याने ठिकाण धरलंय आणि जो इकडेतिकडे वळत नाही. हजला निघालेला माणूस अर्थाने कासीदच.

आता यापेक्षा गोड. याच ह-ज-ज धातूची अरबीत ‘हुज्जा’ आहे: पुरावा, मुद्दा, युक्तिवाद. ती आपल्याकडे झाली हुज्जत! भाजीवालीशी घालतो ती, रिक्षावाल्याशी घालतो ती. हज आणि हुज्जत सख्ख्या बहिणी. जुने अरबी कोशकार त्यांच्यात एक दुवाही दाखवतात: ‘महज्जा’, म्हणजे सरळ मोठी वाट. पायांनी त्या वाटेला लागणं हा हज, आणि बुद्धीने समोरच्याला त्या वाटेवर आणणारी ती हुज्जा. अरबीत शब्दाची इभ्रत शाबूत राहिली. मराठीत हुज्जतीतला पुरावा गळाला आणि नुसती घासाघीस उरली.

आणि मग कुराणात बघा. दुसऱ्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, १९७व्या आयतीत (वचनात) हजचे नियम येतात, त्यांत तीन गोष्टींना मनाई आहे: कामुक बोलणं-वागणं, दुराचार आणि भांडण. तिथला शब्द ‘जिदाल’ आहे, हुज्जा नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण अर्थ मराठीत करायला घ्या, पहिला शब्द ओठावर येतो तो हुज्जत. हजमध्ये हुज्जत नाही! त्याच सूरेत थोडं पुढं, २५८व्या आयतीत, पैगंबर इब्राहिमशी त्याच्या परमेश्वरावरून वाद घालणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे, आणि तिथलं क्रियापद मात्र नेमकं ह-ज-ज धातूचंच आहे. ज्या इब्राहिमने लोकांना हजसाठी हाक दिली, त्याच्याशीच हुज्जत घातली गेली. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यावर दोन प्रकारचे आक्षेप येतात. सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, भाषांचे काही पंडित हिब्रूतल्या ‘हग’कडे बोट दाखवतात. हग म्हणजे सण, यात्रेचा उत्सव. त्याचा मूळ अर्थ फेर धरणं, म्हणून हजही मुळात प्रदक्षिणा. हग आणि हज नात्यातले आहेत, मान्य. पण काबाभोवतीच्या फेऱ्यांना अरबीत स्वतंत्र शब्द आहे, तवाफ, आणि हज त्या फेऱ्यांपाशी संपत नाही. मक्केजवळच्या अरफातच्या मैदानात थांबणं हा तर त्याचा कणा. केवळ शेजारच्या भाषेत सोयीचं काही सापडलं म्हणून अरबी कोशकारांचा क़स्द बाजूला सारायचा, ही मला अभ्यासापेक्षा घाई वाटते.

दुसरा आक्षेप इथलाच आणि जास्त चीड आणणारा: ‘हाजी म्हणजे हाजिर झालेला, हजर राहिलेला.’ हे व्याख्यानांत सांगितलं जातं, लोक माना डोलावतात. साफ खोटं. आपल्या एका ‘ज’मध्ये अरबीची दोन वेगवेगळी अक्षरं येऊन बसली आहेत, जीम आणि ज़ाद. हजर, हाजिर, हजेरी, हजरत, हुजूर आणि हुजऱ्या हे ज़ादचं घराणं. हज, हाजी, हुज्जत हे जीमचं. याच दुसऱ्या घराण्यातला एक शब्द पेशवाईतल्या कागदांवर तारखेत बसलेला आहे: जिल्हेज, म्हणजे हजचा महिना. मोडी कागद वाचणाऱ्याने तो शेकडो वेळा वाचलेला असतो, आणि आत हज आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

भाषाशुद्धीवाल्यांनाही इथंच सांगतो. भगूर आमच्याच नाशिक जिल्ह्यातलं, आणि सावरकरांच्या दिनांक-महापौर या शब्दांनी मराठी वाढली हे मी आनंदाने मान्य करतो. पण हुज्जतीला ‘वितंडवाद’ आणि नियतला ‘अंतस्थ हेतू’ लिहा असं सांगणाऱ्यांनी आधी एक दिवस हे शब्द न वापरता मेनरोडवर खरेदी करून दाखवावी.

मला हे वेड लागायला एक शिंपी कारण झाले. दूध बाजारात त्यांचं दुकान. फार वर्षांपूर्वी एका कोटाच्या बाह्या आखूड झाल्या म्हणून मी त्यांच्याशी तावातावाने बोललो होतो, तेही बोलले होते, मी तिकडे जाणं सोडलं. एके संध्याकाळी ते घरी आले. मापाची टेप गळ्यात तशीच, हातात लहान वही. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. म्हणाले, ‘सर, त्या कोटावरून आपली हुज्जत झाली होती. हजची नियत केलीय. कहा-सुना माफ करा.’ वहीत नावं होती. कुणाचं देणं, कुणाशी बोलाचाली. फेडलेल्या आणि माफ झालेल्या नावांवर शिसपेन्सिलीची रेघ. माझ्या नावावर त्यांनी माझ्यासमोर रेघ ओढली.

एकाच दमात त्यांनी हुज्जत आणि नियत हे दोन्ही शब्द उच्चारले. मी उभ्या उभ्या विचारलं, ‘चाचा, तयारी झाली?’ त्यांनी पिशवीतून इहरामचं कापड काढून दाखवलं, पांढरे दोन तुकडे. ‘याला टीपसुद्धा मारायची नाही,’ म्हणाले, आणि जन्मभर कापडावर चालवलेला अंगठा त्या कोऱ्या काठावरून हळूच फिरवला.

इहरामचा विषय निघालाच आहे. पुष्कळांना वाटतं इहराम म्हणजे ते कापड. ती आधी अवस्था आहे, मग कापड. नियत करून, ‘लब्बैक’ म्हणत त्या अवस्थेत शिरायचं. आपला ‘सोवळं’ हा शब्द अगदी असाच वागतो: माणूसही सोवळ्यात असतो आणि दोरीवर वाळत टाकलेलं वस्त्रही सोवळंच. इहराम, हराम आणि मोहरम एकाच धातूचे. निषिद्ध आणि पवित्र या दोन्ही टोकांना तिथे एकच कुंपण आहे. मराठीने त्यातला निषिद्ध घेतला, शिवीत घातला, पवित्र सोडून दिलं.

‘लब्बैक’चं भाषांतर ‘मी हजर आहे’ असं छापतात. अर्थ चुकत नाही, पण मराठीत याहून जिवंत शब्द आहे: ओ. कोणी हाक मारली की आपण ओ देतो. इब्राहिमच्या हाकेला दिलेली ओ म्हणजे लब्बैक.

आता तुमचा फलक. चाचा तयार आहेत हे सांगायला मराठीत एक घरचा शब्दप्रयोग आहे: ‘मनाने घेतलं’. ‘यंदा हजला जायचं त्यांच्या मनाने घेतलंय’ असं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघणारी माणसं जिला ‘ओढ’ म्हणतात, तो शब्दही चालेल. वर सांगितलेल्या १९७व्या आयतीत तर तयारीसाठी शिदोरीच आली आहे: वाटेसाठी शिदोरी घ्या, आणि सगळ्यांत चांगली शिदोरी म्हणजे तक़वा, देवाचं भान ठेवून वागणं. सत्काराच्या भाषणात कोणाला बोलायचं असेल तर हे बोला.

एक मात्र जपा. उर्दूत ‘बुलावा आया’ म्हणतात, ते फार सुंदर आहे. त्याचं ‘बोलावणं आलं’ करून फलकावर अजिबात लिहू नका. मराठीत वरून बोलावणं येतं ते कशाचं, हे तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना लगेच कळेल आणि चाचांच्या घरच्यांना वाईट वाटेल. ‘बुलावा’ ठेवायचा तर तसाच ठेवा. आणि नावाआधी आत्ताच ‘हाजी’ लावू नका, तो परत आल्यावरचा मान आहे.

नवा फलक करणार असाल तर लिहा असं: ‘हजची नियत करून निघालेल्या चाचांना गल्लीचा सलाम’. आणि आहे तोच फलक ठेवायचा, तर त्यावर एकच वेलांटी जास्त आहे. रंगाऱ्याला आज संध्याकाळीच बोलवा, पार्श्वभूमीच्या रंगाचा एक फराटा पुरेल.